पहिलं ऑइल

"वीस-पन्नास? उजे, ही काय ऊस ओढायची गाडी हाय व्हय?" आबा म्हणाले, आणि त्यांच्यामागं उभा असलेला शिरीष हसला.

आबांचं मला काही वाटलं नाही. ते जन्मभर माझ्याशी असंच बोलत आले होते. पण शिरीषचं हसणं मला झोंबलं. खो खो हसला असता तरी परवडलं असतं. तो गालातल्या गालात हसला आणि वर मलाच म्हणाला, "अगं, मामा गंमत करतायत." म्हणजे माझ्या बापाच्या मनात काय आहे ते मला समजावून सांगायला हा कोइमतूरहून आला होता!

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं वर्कशॉप. दिनकर सुतार म्हटलं की शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं, हे तेव्हा गोव्यापासून पुण्यापर्यंत लोकांना माहीत होतं. मी त्यांची एकुलती एक पोरगी. बारावी झाल्यावर दोन महिने बसून काय करायचं म्हणून वर्कशॉपात गेले ती तिथलीच झाले. अठ्ठावीस वर्षांची होऊनही लग्नाचं नाव काढत नव्हते, म्हणून आईनं माझ्याशी अर्धा अबोला धरलेला. आणि शिरीष म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. कोइमतूरला एका रेसिंग टीमकडं नोकरी करत होता, ती सोडून श्रावणात आमच्याकडं आला. "मामा, मला तुमच्या हाताखाली शिकायचंय," असं म्हणून आबांच्या पाया पडला. झालं! आबा तिथंच विरघळले. त्याचं लग्न झालेलं होतं म्हणून बरं, नाहीतर घरातल्यांनी मामाची पोरगी म्हणून मला त्याच्या गळ्यात बांधून वर्कशॉपचा प्रश्न एका मांडवात मिटवला असता.

तो आल्यापासून माझं पोट दुखायला लागलं ते थांबेना. आबांचे पाने मी इतकी वर्षं पुसून ठेवत आले, पण मला ते विचारल्याशिवाय घ्यायची मुभा नव्हती. शिरीषनं पहिल्याच आठवड्यात हात घातला, तर आबा म्हणाले, "घे की. तुझंच हाय." डब्यातली चटणी-भाकरी आबा माझ्यासमोर बसून खायचे, ते आता त्याच्यासमोर बसून खायला लागले. मी काही बोलले की "हं" म्हणायचे. तो बोलला की हातातलं काम थांबवायचे.

आणि आता आली होती इंगवले सरकारांची गाडी. जपानी, टर्बोची. शर्यतीत ती ते स्वतःच चालवायचे. दसऱ्यानंतरच्या रविवारी गगनबावड्याच्या घाटात चढाईची शर्यत होती आणि तिच्यासाठी आबा गाडीचं इंजिन पुरतं उघडून नव्यानं बांधत होते. त्यात कुठलं ऑइल घालायचं, यावर आमची पंचायत बसली होती.

"मामा, पाच-तीस," शिरीष म्हणाला. "नवं बांधलेलं इंजिन, बेअरिंगच्या फटी बारीक. पातळ ऑइल झटक्यात सगळीकडं पोचतं. इंजिन मोकळं फिरतं."

"टर्बो तापला की तुझ्या पातळ ऑइलचं पाणी होईल," मी म्हटलं. "घाटात काय करशील?"

"फट बारीक असेल तर काही होत नाही. फट मोठी असेल तरच जाड लागतं, वीस-पन्नास. ते आपल्याला कशाला?"

त्याचं काही चुकत नव्हतं. ऑइलच्या डब्यावरचा दुसरा आकडा म्हणजे इंजिन तापल्यावर ऑइल किती दाट राहतं त्याचा. बारीक फटीला पातळ, मोठ्या फटीला दाट, हे मलाही कळत होतं. खरं सांगू? मी वीस-पन्नास म्हटलं ते तो पाच-तीस म्हणाला म्हणून. तो वीस-पन्नास म्हणाला असता तर मी पाच-तीससाठी भांडले असते. आबांना तेही कळलं असणार. ते म्हणाले, "शिरीष म्हणतोय ते बरोबर हाय. पाच-तीस." आणि विषय संपला.

पण माझ्या जिवाला घोर लागला होता तो वेगळाच.

आमच्या वर्कशॉपात एक रीत होती. इंजिन बांधून झालं की त्यात पहिलं ऑइल कुणी ओतायचं, ते आबा ठरवायचे. मोठ्यानं नाव घ्यायचे. ज्याचं नाव, त्याचं इंजिन. आणि एकदा ओतलेलं पहिलं ऑइल शर्यत होईपर्यंत काढायचं नाही, हा त्यांचा नेम. जीपला, ट्रॅक्टरला, एका मिनीबसला माझं नाव घेतलं होतं त्यांनी. शर्यतीच्या गाडीला एकदाही नाही. तिथं आबा स्वतः ओतायचे. या वेळी मात्र ते म्हणाले होते, "खंडेनवमीला पूजा करू आणि पहिलं ऑइल मी ओतणार न्हाई. दुसऱ्याला सांगणार हाय." म्हणजे पुढं वर्कशॉप कुणाचं, तेच ते सांगणार होते. आणि ते नाव कुणाचं असणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

त्याच आठवड्यात आबांनी क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याला, हात फिरवला. हीसुद्धा त्यांचीच पद्धत. क्रँक मशीनवरून घासून आला की बेअरिंग बसतं त्या जागा आबा शेवटी स्वतः पॉलिश पेपरनं घासायचे. ऑइल लावायचं, घासायचं, डोळे मिटून बोटं फिरवायची, परत घासायचं. बोट म्हणालं की थांबायचं. त्यानंतर कुणी माप लावायचं नाही. शिरीषकडं फटी मोजायची सगळी साधनं होती आणि हात फिरवायच्या आधी त्यानं सगळं मोजून घेतलंही होतं. नंतर मोजायला मात्र त्यानं साधनं पिशवीतून काढली नाहीत. मामांच्या हातावर माप लावणं त्याला पाप वाटलं.

आबा त्या दिवशी फार वेळ घासत होते. मी खाली सांडलेले पॉलिश पेपरचे तुकडे गोळा केले, तर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघाले. एका तुकड्यावर लाल डाग होता.

"आबा, बोट सोललंय तुमचं."

"कुठं?" असं म्हणून त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला. तर्जनीचं टोक पार सालटून निघालं होतं. आबांनी ते बघितलं आणि धोतराच्या सोग्याला पुसलं. "लागलं न्हाई काय," म्हणाले.

मला चर्रर्र झालं. कारण घरात मी गेले कित्येक दिवस एक गोष्ट बघत होते. आबा पितळी पेल्यात चहा प्यायचे. उकळता चहा ओतलेला पेला. आधी ते काठाला धरायचे, फुंकर मारायचे, हात बदलायचे. हल्ली मुठीत पेला आवळून बसायचे. एकदा मी पेला घ्यायला हात लावला तर मलाच चटका बसला, आणि आबा तोच पेला निवांत धरून पेपर वाचत होते. साखरेच्या दुखण्यानं त्यांची बोटं बधिर केली होती. ते कुणाला सांगत नव्हते. मीही कळल्याचं दाखवलं नव्हतं.

क्रँक बसवल्यावर शिरीषनं तो दोन बोटांनी फिरवून बघितला. गर्रकन फिरला.

"बघितलंस उजे? दोन बोटांनी! काय हात आहे गं मामांचा!"

मी पण फिरवला. आबांचं इंजिन पहिल्यांदा कधी दोन बोटांनी फिरत नाही. तळहात लावावा लागतो, थोडं जड जातं, मग सुटतं. हा क्रँक माझ्या बोटाबरोबर नुसता पळत गेला. बोट म्हणेपर्यंत आबा घासत राहिले होते, आणि बोट काही म्हणालंच नव्हतं. फट मोठी झाली होती. आता पाच-तीस घातलं तर घाटाच्या वरच्या वळणांत तापून ते नुसतं गळून जाणार, बेअरिंगवर थर राहणार नाही, आणि भर वळणात इंजिन जाम. त्या घाटात एका बाजूला कडा आहे नि दुसऱ्या बाजूला दरी.

दुसऱ्या दिवशी मी आबांना एकटं गाठलं. "आबा, खालचं परत एकदा उघडूया का?"

"का?"

"सहज. एकदा मोजून बघू."

आबा रागानं माझ्याकडं वळले. "शिरीष एवढा शिकून आलाय, तो माझ्या हाताला माप लावत न्हाई. आणि तू?" म्हणाले. "लोक म्हणतात ते खोटं न्हाई उजे. जळायलीस तू."

आता कुणाला सांगायचं? इंगवले सरकारांना सांगितलं तर चार दिवसांत साऱ्या उद्यमनगरात झालं असतं, की सुतारांचा हात गेला. शिरीषला सांगितलं असतं तर तो समजला असता. पण माझ्या बापाची लाज नेऊन त्याच्याच ओंजळीत टाकायची? जीभ झडली असती तरी सांगितलं नसतं. आणि परत उघडून बांधायला दिवस कुठं होते? ऑइल जाड घालणं एवढाच एक मार्ग होता. आणि ते का, हे सांगता येत नव्हतं.

खंडेनवमीला सकाळी लेथला, ड्रिलला, वाइसला झेंडूच्या माळा घातल्या. पाने पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. आई नैवेद्य घेऊन आली होती. इंगवले सरकार पांढरीशुभ्र विजार घालून आले होते, आणि कुठं टेकायचं नाही याची काळजी घेत उभे होते. गाडीचं बॉनेट उघडं, ऑइलचं झाकण काढलेलं. बाकावर शिरीषचं पाच-तीस. मी सकाळीच जाऊन वीस-पन्नास आणलं होतं आणि ते बाकाखाली सारून ठेवलं होतं.

आबांनी नारळ फोडला. हात जोडले. मग म्हणाले, "पहिलं ऑइल. शिरीष."

मला माहीत होतं. शिरीष पुढं झाला, आबांच्या पाया पडला, त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं डबा उचलला. त्याच्या जागी मी असते तर मीही तशीच रडले असते, हे कळत होतं म्हणून जास्तच तळतळाट झाला.

आणि मी जाऊन गाडीसमोर उभी राहिले.

"तो नाही ओतणार," मी म्हटलं.

"उजे," आई म्हणाली.

"पोटची पोरगी मी आहे! या वर्कशॉपात मी रॉकेलनं हात जाळून घेतले. हा कालचा आलेला, आणि यानं ओतायचं? मी ओतणार. आणि माझं ऑइल ओतणार." बाकाखालचा डबा मी ओढून काढला.

माझा आवाज कापत होता. ते काही नाटक नव्हतं. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं त्यात होतं. पण त्याच्या आड मला जे लपवायचं होतं ते नीट लपत होतं, हेही मला बोलता बोलता कळत होतं. हावरट, जळकी पोरगी तमाशा करत्येय म्हटल्यावर तिला ऑइलचं कारण कोण विचारणार?

"ताई, आज सणाचा दिवस," इंगवले सरकार म्हणाले. "घरातलं भांडण माझ्या इंजिनावर कशाला?"

"उजे, तुला ओतायचं तर ओत," शिरीष म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "माझं काही नाही. पण ऑइल पाच-तीसच घाल. इंजिनाचं वाटोळं होईल गं."

बघा! तिथंही चांगुलपणा. मला तो चांगुलपणा सगळ्यात जास्त लागला.

"वीस-पन्नासच," मी म्हटलं.

आबा पुढं आले. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. सगळ्यांना तसंच वाटलं असावं, कारण आईनं पदर तोंडाला लावला. आबा माझ्या हातातल्या डब्याकडं बघत होते. मी त्यांच्या तर्जनीकडं बघितलं. तिला आईनं बांधलेली चिंधी होती. मी बघितलं ते त्यांनी बघितलं.

"वीस-पन्नासच का?" त्यांनी विचारलं. हळू.

"मला वाटतंय म्हणून," मी म्हटलं. "मी हट्टी आहे म्हणून. जळतेय म्हणून. काय म्हणायचं ते म्हणा."

आबांनी चिंधी सारली आणि त्या सोललेल्या बोटावर अंगठा घासला. जोरात घासला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्या जखमेवर कुणीही कळवळला असता. आबांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"शिरीष, बाजूला हो," ते म्हणाले. "तिला ओतू दे. तिचंच ओतू दे."

मी ओतलं. जन्मभर वाट बघितलेलं पहिलं ऑइल, आणि कुणी टाळी वाजवली नाही, की प्रसादाचा पेढा हातावर ठेवला नाही. इंगवले सरकारांना मी एवढंच म्हटलं, "वरच्या वळणांत ऑइल प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवा. खाली आला की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा." त्यांनी मान तेवढी हलवली.

उजा जळाली, उजा जळाली. तीन दिवस उद्यमनगरात दुसरा विषय नव्हता. चहाच्या गाड्यावरसुद्धा लोक मला बघून आवाज खाली करायचे.

रविवारी आम्ही तिघं घाटमाथ्यावर उभे होतो. खालून गाड्यांचे आवाज येत होते. आमची गाडी सुटली तेव्हा आबांनी डोळे मिटले. वळणावळणानं तो आवाज वर चढत होता आणि मी मनात एकच म्हणत होते, बंद पडू नकोस, बाई, बंद पडू नकोस. शेवटच्या दोन वळणांत आवाज जरा बसला, परत उठला, आणि गाडी आमच्यासमोरून गेली.

इंगवले सरकार दुसरे आले. हेल्मेट काढून थेट आमच्याकडं आले.

"सुतार, काय झालंय या इंजिनाला? शेवटच्या वळणांना काटा असा तळाला गेला! ताईंचं बोलणं आठवलं म्हणून पाय काढला. एवढं जाड ऑइल असून ही गत. ते पातळ घातलं असतं तर आज मी दरीत असतो."

आबांच्या तोंडावरचं रक्त उतरलं. शिरीषनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आबांच्या हाताकडं. तो हुशार होता. त्याला क्षणात कळलं. क्रँक दोन बोटांनी का फिरला, मी का बोंबलले, सगळं.

"सरकार, चूक माझी," तो म्हणाला. "फटी मोजायचं काम माझं होतं. मी मोजल्या नाहीत. मामांनी माझ्यावर विश्वास टाकला."

तो धडधडीत खोटं बोलत होता आणि त्याच्या आवाजात कंप नव्हता. आणि माझ्या मनात काय आलं? अरे, हे मला का सुचलं नाही! मी चार लोकांत जळकी ठरून बापाला वाचवलं, आणि हा एका वाक्यात स्वतःचं नाव बुडवून मोकळा झाला. तिथंही तो माझ्या पुढं गेला. आज आमच्या पाटीवर दोघांची नावं आहेत, त्याचं आधी, माझं नंतर. त्यावरून मी अजून भांडते.

घरी परतलो तर ऊन कलायला आलं होतं. बाहेरच्या सोप्यात आबा बसले, शेजारी शिरीष. मी आत जाऊन चहा केला, पितळी पेल्यात ओतला आणि आबांसमोर ठेवला.

आबांनी हात पुढं केला आणि पेल्यापाशी थांबवला. तसाच थांबवून ठेवला.

"गरम हाय का गं?" त्यांनी विचारलं.

"बघू मामा," म्हणत शिरीषनं हात पुढं केला.

"तू र्‍हाऊ दे. तिला इचारतोय."

शिरीषनं हात मागं घेतला. मी खाली बसले. पेल्याला बोट लावलं. चटका बसला.

"गरम आहे आबा," मी म्हटलं. "जरा थांबा. मी सांगते."

"बरं," आबा म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवून मी सांगायची वाट बघत बसले.